दोन डिग्री कमी

आमच्या गल्लीत माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघत नाही. माझ्या दुकानासमोरच्या गॅरेजवाल्याला सगळे 'दोनकमी' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी ठेवलं, आणि आता त्याची बायकोसुद्धा फोनवर "दोनकमींचं गॅरेज" असं सांगते, तेव्हा मला आपण एखादा पूल बांधल्यासारखं समाधान वाटतं.

माझं दुकान गाड्यांच्या सीट शिवायचं. शिलाई मशीन दारातच आहे आणि दार त्याच्या गॅरेजकडे उघडतं. त्यामुळे त्याच्याकडे कोण आलं, कोण रागावून गेलं आणि कोण तोंड पाडून परत आलं, हे त्याच्या आधी मला कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण मशीन थांबवून दोरा ओवायला किती वेळ लावायचा हे माझ्या हातात आहे.

दोनकमीचं काम गाड्यांचे कॉम्प्युटर लावून देण्याचं. हल्ली प्रत्येक इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची, ते तो ठरवतो. ठिणगीची वेळ डिग्रीत मोजतात. ठिणगी जरा लवकर टाकली की जोर वाढतो, आणखी लवकर टाकली की आणखी वाढतो. पण एका ठिकाणी इंजिनाचा संयम संपतो. आतलं पेट्रोल आपल्या मर्जीने भडकतं आणि कुणीतरी लहान हातोडीने ठोकावं तसा आवाज येतो. टिक. एखाददुसरा टिक इंजिन पोटात घालतं. रोजच ठोकाठोक झाली तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं आणि मालकाच्या तोंडातून धूर निघायच्या आधी गाडीतून निघतो.

तो टिक ऐकण्यासाठी दोनकमीने स्वतःच्या हाताने एक यंत्र केलं आहे. इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळलेली तांब्याची नळी, नळीला रबरी पाइप, आणि पाइपाच्या टोकाला कानांवर बसणारे जाड डबे. गाडी जमिनीतल्या रोलरवर चढवायची, समोर मोठा पंखा लावायचा, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि डोळे मिटायचे. जागच्या जागी गाडी ताशी दीडशेने धावते, गॅरेजचा पत्रा थरथरतो, आणि हा आपला पोथी ऐकायला बसल्यासारखा शांत. टिक आला की ठिणगी मागे घ्यायची, म्हणजे जरा उशिरा टाकायची, टिक जाईपर्यंत. आणि मग आणखी दोन डिग्री मागे घ्यायची. प्रत्येक गाडीला. अपवाद नाही.

"अहो, पण ते दोन माझे आहेत!" एक गिऱ्हाईक एकदा कळवळून म्हणालं.

"तुमचेच आहेत. इंजिनात ठेवलेत. तुम्हाला हातात दिले तर उधळाल."

"पलीकडच्या रस्त्यावर सगळं काढून देतात."

"मग जा की. परत येताना दुसऱ्या गाडीने ओढत आणा, आपलं गेट मोठं आहे."

हे दोनचं वेड कुठून आलं, तेही सांगतो, कारण त्याच्या टेबलावरच्या पेन ठेवायच्या भांड्याचा त्याच्याशी संबंध आहे. ते भांडं म्हणजे उलटा ठेवलेला एक पिस्टन आहे, आणि त्याच्या तळाला बोट जाईल एवढं भोक आहे. बारीक पेन त्यातून खाली सटकतं आणि टेबलावर रेघ ओढतं, म्हणून त्या गॅरेजमध्ये सगळी पेनं जाडजूड.

सत्तावीस वर्षांपूर्वी दोनकमीचं लग्न ठरत होतं. होणारे सासरे भूमितीचे शिक्षक. प्रत्येक गोष्ट सिद्ध करून मागायची सवय. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून याने त्यांच्या गाडीचा कॉम्प्युटर लावून दिला. होता नव्हता तेवढा जोर काढून दिला, हातचं काही राखलं नाही. पुढच्या रविवारी सासरे, सासूबाई, होणारी बायको आणि तिच्या दोन मावस बहिणी अशी पाच माणसं भर दुपारी डोंगराच्या रस्त्याला लागली. अर्ध्या चढावर गाडीने धूर सोडला आणि बसली. लग्न मोडलं नाही, हे सासूबाईंचे उपकार. पण लग्नात सासऱ्यांनी जावयाला एक खोकं दिलं, चांगल्या रंगीत कागदात बांधलेलं. आत हा पिस्टन, आणि शिक्षकी अक्षरात चिठ्ठी: 'गाडी गेली, मुलगीही चालली. आता तरी जपून.'

तेव्हापासून दोन कमी.

त्याला एकच मुलगी. सव्वीस वर्षांची, दवाखान्यात एक्स-रे काढते. लोकांच्या आत काय मोडलंय ते बघायचं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे कुणाच्या बोलण्यावर तिचा चटकन विश्वास बसत नाही. सुट्टीच्या दिवशी ती डोंगर चढायच्या शर्यतीत गाडी चालवते. एकेक गाडी एकटी सोडतात, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. दोन्ही वेळा मिळवायच्या, ज्याची बेरीज कमी तो पहिला. तिची गाडी लाल, जुनी, तिच्यापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी लहान. सीट मी शिवली आहे, त्याचा उल्लेख कुणी करत नाही म्हणून मी करतो.

गेल्या वर्षी ती दुसरी आली. पहिले आले ते दातांचे डॉक्टर, पांढऱ्या गाडीवाले. फरक सहा दशांश सेकंदाचा. शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो. आणि या वर्षी पत्रक आलं की जुन्या गाड्यांचा गट आता शेवटचाच, पुढच्या वर्षी बंद. म्हणजे त्या लाल गाडीतून पहिलं यायचं तर आता, नाहीतर मग नाहीच.

शर्यतीला दहा दिवस राहिले असताना ती गॅरेजमध्ये आली आणि गाडीची किल्ली बापाच्या लॅपटॉपवर ठेवली. मी तेव्हा एक सीट पोचवायला तिथे गेलो होतो. सीट परवा द्यायची होती, पण ते असो.

"बाबा, या वेळी ते दोन मला हवेत."

"नाही."

"ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. नाही."

"मुलीला नाही म्हणताना जरा थांबायची तरी पद्धत असते," कोपऱ्यातून सासरेबुवा म्हणाले. त्यांचं वय आता ब्याऐंशी. दुपारी गॅरेजमध्ये येऊन बसतात आणि पेपर वाचत जावयाच्या चुका मोजतात.

"मामा, तुम्ही पेपर वाचा."

पोरगी मागे हटली नाही. "तुम्ही गाडी नेहमी दुपारी लावता. जेवण झाल्यावर, पत्रा तापलेला असताना. बरोबर?"

"सकाळी गिऱ्हाइकं असतात."

"म्हणजे टिक येतो तो तापलेल्या हवेतला. त्यातून तुम्ही दोन कमी करता. पण सकाळी हवा गार असते, गार हवेत इंजिन जास्त सोसतं. म्हणजे सकाळी तुमचे दोन हे दोन नसतातच. ते चार असतात. मी गेल्या वर्षी सकाळी चार डिग्री बांधून वर गेले, बाबा. सहा दशांशांनी हरले."

मी दोनकमीला इतकी वर्षं ओळखतो. त्याच्याकडे उत्तर असलं की तो लगेच देतो. उत्तर नसलं की हात धुवायला जातो. तो हात धुवायला गेला.

"मोजलंय कुणी कधी?" पोरगी नळाकडे बघून ओरडली. "की नुसतेच घाबरून कमी करताय?"

"घाबरून नाही! त्या पिस्टनकडे बघ. पाच माणसं होती गाडीत. तुझी आई होती."

आता आई कुठे होती? आई तिथेच टेबलाशी, फोन शेजारी घेऊन गाड्यांच्या तारखा वहीत लिहीत होती. तिने जाड पेन पिस्टनमध्ये ठेवलं.

"हो, मी होते," ती म्हणाली. "आणि मी काही घाबरले नव्हते. अण्णा, सांगू का मी?"

सासरेबुवांनी पेपरची घडी घातली. "काय सांगणार?"

"कॅन."

"कुठला कॅन?"

"हिरवा. गवत कापायच्या यंत्राचा."

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग भूमितीच्या शिक्षकाला शोभणार नाही अशा पुटपुटत्या आवाजात म्हणाले, "वाया जाणार होतं ते."

हकिगत अशी होती. त्या रविवारी निघताना टाकी अर्धी होती. सासऱ्यांच्या घरी मागच्या बाजूला गवत कापायच्या यंत्रासाठी ठेवलेला पेट्रोलचा कॅन होता, वर्षभराचा जुना, आणि त्या यंत्राला लागतं तसं त्यात तेल मिसळलेलं. पंपावर कशाला जा, म्हणून त्यांनी तो अख्खा कॅन गाडीत ओतला. तसलं पेट्रोल गाडीच्या इंजिनात भलत्या वेळी भडकतं, हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. वर पाच माणसं, भर दुपार, चढ. त्या दिवशी कॉम्प्युटर कुणीही लावला असता तरी तो पिस्टन गेलाच असता.

दोनकमी ओले हात तसेच घेऊन उभा. "सत्तावीस वर्षं?"

"हो," बायको म्हणाली.

"मामांचं समजू शकतो. तुला माहीत होतं?"

"मी मागच्या सीटवरून बघत होते की कॅन ओतताना."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोनाचं एक केलं असतं. मग एकाचं काहीच नाही. लोकांच्या गाड्या बंद पडल्या असत्या आणि फोन मी उचलते. मला शांतपणे जगायचं होतं." मग ती म्हणाली, "पण पोरीचं म्हणणं खरं आहे. तुम्ही मोजलेलं नाही."

"जावईबापू," सासरेबुवा म्हणाले, "सिद्ध न केलेलं विधान आहे तुमचं. मी तेव्हाच म्हणालो होतो."

"तुम्ही कॅन ओतला होता, मामा!"

मला त्या वेळी हसू आवरेना म्हणून मी सीट उचलून बाहेर आलो. दुपारभर त्याच्या गॅरेजमधून फक्त नळाचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दुकान उघडायला आलो (सहाला कधीच उघडत नाही, पण मन म्हणालं जावं) तर लाल गाडी रोलरवर. तांब्याच्या नळीला त्याने दोन फाटे काढले होते. एक जोडी डबे बापाच्या कानांवर, एक लेकीच्या; टिक सांगायचं काम मात्र अजून बापाचंच. पत्रा गारठलेला, पंखा सुरू. गाडी तिसऱ्यांदा धावून थांबली तेव्हा दोनकमीने कानांवरचे डबे मानेवर ओढले आणि लॅपटॉपकडे बघत राहिला. गार हवेत इंजिन दुपारपेक्षा दोन डिग्री जास्त सोसत होतं. अगदी दोन. पोरीने बापाच्या खांद्यावरचा धागा काढल्यासारखं केलं. धागा नव्हताच तिथे, मी बघत होतो.

पण खरी गंमत दुपारी झाली. पत्रा तापलेला, परत तीच गाडी, तेच दोघं. दोनकमी डोळे मिटून ठिणगी पुढे पुढे नेतोय, आणि पोरीने एकदम हात वर केला.

"थांबा! टिक."

"कुठे टिक?"

"आत्ता. आला की."

"छे."

परत धावली. परत तिचा हात वर. त्याला काही ऐकू नाही. आणखी एक डिग्री पुढे नेल्यावर कुठे त्याचा हात वर गेला. मग त्यांनी आपापले डबे बदलून बघितले. डबे चांगले होते. तिसऱ्यांदाही ती एक डिग्री आधी आणि तो एक डिग्री नंतर.

पोरगी एक्स-रे बघून सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचे कान."

"पन्नाशी उलटली की होतं."

"म्हणजे बरीच वर्षं तुमचे दोन हे दुपारी एकच होते."

दोनकमी विचारात पडला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. काल दुपारपासून बिचारा पहिल्यांदा हसला. "आणि तरी एकाही गाडीचं इंजिन गेलं नाही! अगं, म्हणूनच ठेवायचे असतात ते. आपलं काय चुकतंय ते आपल्याला माहीत नसतं, त्याच्यासाठी. मला कुठे माहीत होतं की कान चुकतोय?"

यावर पोरगीही हात धुवायला गेली.

मग चार दिवस दोघांची घासाघीस चालली. कॉम्प्युटरला हवा किती तापली ते कळतं, तेव्हा गार हवेत ठिणगी पुढे आणि तापलेल्या हवेत मागे, असं कोष्टक भरायचं यावर एकमत होतं. किती, यावर नव्हतं.

"सकाळी काहीच कमी करायचं नाही."

"एक."

"आणि दुपारी एक."

"दुपारी तीन."

"तीन? मग दुपारी चालतच जाते ना वर!"

"आपल्या गॅरेजची दुपार वेगळी आणि तिथली वेगळी. तिथे डांबरावर रांगेत उभं राहावं लागतं, इंजिन आपल्याच उष्णतेत शिजतं."

शेवटी आईने वही मिटली. "सकाळी एक, दुपारी तीन. आणि आता जेवायला चला." मी सरासरी काढून बघितली. दोनच आली. पण ते बोलून दाखवायची मला घरून परवानगी नव्हती.

शर्यतीला आम्ही सगळे गेलो. सासरेबुवा माझ्या व्हॅनमध्ये, कारण जावयाच्या गाडीत ते बसत नाहीत. कॅनची गोष्ट निघाल्यापासून तर मुळीच नाही. सकाळी गवतावर दव होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. लाल गाडी सुटली ती अशी, की दोरीपलीकडे उभ्या दोनकमीने माझा दंड धरला तो वरून वेळ कळेपर्यंत सोडला नाही. दातांच्या डॉक्टरांपेक्षा आठ दशांश कमी. सगळ्यांत पहिली.

आता फक्त दुपार. सकाळी जो पहिला तो दुपारी शेवटी सुटतो, म्हणून ती सर्वांत शेवटी. आणि तिच्या आधी चार गाड्या असताना कुणाचंतरी तेल वळणावर सांडलं. रस्ता धुवायला तास गेला. तासभर ऊन, डांबर, रांग, आणि इंजिनं मधूनमधून चालू. डांबराचा वास चपलेला चिकटत होता. मग गाड्या परत सुटू लागल्या. डॉक्टर गेले आणि काय गेले! मी माणसाच्या तोंडावर चांगलं बोलत नाही, पण ते चालवतात छान. दुपारची सगळ्यांत कमी वेळ त्यांनी लावली.

पोरीने काच खाली केली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. "बाबा, लॅपटॉप मागच्या सीटवर आहे. कमी केलेल्यातल्या दोन डिग्री परत पुढे नेऊ का? अर्ध्या मिनिटाचं काम आहे. डॉक्टरांनी फार कमी वेळ लावलीय. माझे आठ पुरतील की नाही, सांगता येत नाही."

मला वाटलं आता 'नाही' येणार, न थांबता. पण दोनकमी थांबला. कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "कान तुझे चांगले आहेत. तूच ठरव."

ती खाली उतरली. बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसून तसाच उचलला. मग वाकून, डोळे मिटून, नुसत्या कानांनी इंजिन ऐकलं. बापाची तीच पद्धत, फक्त डबे नव्हते. पुढच्या माणसाने झेंडा उचलला होता.

"राहू दे," ती म्हणाली, "आहे तसंच नेते," आणि आत बसली.

दुपारी ती डॉक्टरांपेक्षा पाच दशांश मागे राहिली. हे आकडे वरून रेडिओवर आले तेव्हा दोनकमी पुटपुटत होता, "आठातून पाच, आठातून पाच," आणि त्याला वजाबाकीच सुचेना. सासरेबुवांनी काठी आपटली. "तीन! तीन दशांशांनी पहिली! अहो, एवढी वजाबाकी येत नाही आणि माणसांच्या गाड्या लावता?"

बापलेक खाली भेटले तेव्हा काय बोलले ते मला कळलं नाही. त्याची मला आजही रुखरुख आहे. मध्येच डॉक्टर आले हात मिळवायला.

"गेल्या वर्षी सहाने मी, या वर्षी तीनने तू," ते पोरीला म्हणाले. "तीन अजून शिल्लक आहेत माझे. आणि तुझ्या बाबांना सांग, कधी दात दुखला तर माझ्याकडे या. भूल दोन कमी देईन."

कप आता गॅरेजच्या फळीवर आहे. खाली टेबलावर पिस्टन. गिऱ्हाइकांनी कपाबद्दल विचारलं की सासरेबुवा पेपरामागून सांगतात, "याच्या मुळाशी माझं पेट्रोल आहे," आणि बायको फोन कानाला लावून दुसरीकडे बघते.

सोमवारी एक कुटुंबवत्सल माणूस आपली गाडी घेऊन आला, जोर वाढवून द्या म्हणून. दोनकमीने त्याला आधी विचारलं, "चालवता कधी, सकाळी की दुपारी?" माणूस गोंधळला. असा प्रश्न त्या गॅरेजमध्ये आजवर कुणी ऐकला नव्हता. मग दोनकमीने कानांवरचे डबे उचलले, जरा बघितले आणि लेकीच्या हातात दिले. ती दवाखान्यातून सुट्टी काढून आली होती; तिने विचारलं नव्हतं आणि त्याने बोलावलं नव्हतं.

"ऐक तू," तो म्हणाला. "कमी मी करतो."

गाडी धावली, पत्रा थरथरला, पोरीचा हात वर गेला. दोनकमीने दोन कमी केले आणि पंखा बंद करायला उठला. माझं मशीन तेव्हा थांबलेलं होतं, दोरा ओवत होतो. तो पाठमोरा झालेला बघून पोरीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, मागच्या सीटवरच्या लहान मुलाच्या खुर्चीकडे एकदा बघितलं, आणि गुपचूप आणखी अर्धी डिग्री कमी केली.